अॅसिडशिवाय बारा वर्षं – आमची वाटचाल

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आता पाऊस लागलाय, गाड्या कमी आहेत तर लिहून टाकतो. चिपळूणला खेर्डीच्या रोडला आमचं छोटं वॉशिंग सेंटर आहे, २०१३ पासून. मी आणि माझा मावसभाऊ, निम्मे निम्मे पैसे घातले, एक प्रेशर वॉशर, एक कॉम्प्रेसर, एक व्हॅक्यूम. पहिली सात-आठ वर्षं बरी गेली. गणपतीत चाकरमानी आले की रात्री बारापर्यंत काम, बाकी वर्षभर आपल्या गावातल्या गाड्या.

आमचं नाव झालं ते अलॉय व्हीलमुळे (म्हणजे अॅल्युमिनियमची चकचकीत चाकं) आणि त्याला कारण एक डॉक्टर साहेब. ते दर शनिवारी कराडला पेशंट बघायला जायचे, रविवारी परत. कुंभार्ली घाट उतरून आलेली गाडी बघा कधी, मागची चाकं बरी असतात आणि पुढची दोन काळीठिक्कर, कारण ब्रेकचा बराचसा भार पुढेच येतो. त्यात साहेबांची जर्मन गाडी, तिचे ब्रेक पॅड (डिस्क आवळून चाक थांबवतात ते) धूळ जास्तच सोडतात. पॅड आणि डिस्क घासून लोखंडाचे गरम कण उडतात ते चाकावरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्ये, रुततात, वर आपल्याकडची खाडीची दमट हवा, थोड्याच दिवसांत ते गंजून तांबूस ठिपके धरतात. मग शाम्पूने कितीही घासा, हलत नाहीत. पहिल्यांदा आम्ही दोन तास घासलं, निघालं नाही, मी सरळ सांगितलं साहेब नाही जमलं आणि पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मी मुंबईला जाऊन आयर्न रिमूव्हर आणला, म्हणजे रुतलेले लोखंडाचे कण सोडवणारं औषध, बाटलीवर त्यातल्या रसायनाचं नाव थायोग्लायकोलेट लिहिलेलं. पुढच्या सोमवारी साहेबांच्या चाकावर मारला. मिनिटभर काहीच नाही, मग स्पोकच्या मुळाशी जांभळी रेघ दिसली, मग दुसरी, आणि बघता बघता कोकमाचं आगळ सांडावं तसं सगळं खाली ओघळायला लागलं. वास म्हणजे कुजक्या अंड्याचा. साहेब नाकाला रुमाल लावून वाकून बघत होते, म्हणाले, "अरे, हे सगळं लोखंड?" तेव्हापासून ते आमचे.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी आमच्या शटरच्या वर होतं. वॉशरची मोटर, कॉम्प्रेसर, सगळ्यात चिखल, विमा नव्हता. मावसभाऊ म्हणाला बंद करू, मी नाही म्हटलं, तर आपला हिस्सा घेऊन गेला आणि महिन्याभरात हायवेला स्वतःचं सेंटर टाकलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, प्रत्येकाला पोट आहे. तक्रार अॅसिडची आहे. पुरानंतर सगळ्यांच्या गाड्या चिखलात, सगळ्यांना घाई, मावसभाऊ टॉयलेट धुवायचं अॅसिड पाण्यात मिसळून चाकाला मारायचा, पाच मिनिटांत चकाचक, शंभर रुपये. मला चार चाकांना पाऊण तास लागतो आणि चारशे रुपये. गिऱ्हाईक कुठे जाणार? वर हा सांगायचा की मी मुद्दाम वेळ काढतो. मी बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवून नवा वॉशर आणला होता आणि दिवस दिवस एक गाडी येत नव्हती.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. एक जुना गिऱ्हाईक ओरडत आला, चारही अलॉय पांढरे पडलेले, वरचा पारदर्शक थर बुडबुडल्यासारखा उठलेला, नट गंजलेले. बाजारात सांगून आला होता की आम्ही केलं. मी वही काढून दाखवली, त्याची गाडी आमच्याकडे शेवटची मे महिन्यात आलेली, पुराच्या आधी. त्याने वही बघितली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. बाजारात मात्र त्याने कधी सांगितलं नाही की माझं चुकलं, आणि चार वर्षं झाली तरी मला अजून कोणीतरी विचारतं, "ते अलॉय खराब केले ते तुम्हीच ना?"

त्या दिवसांत डॉक्टर साहेब एक सोमवार चुकले नाहीत. एकदा तर आठवड्यात तेवढीच गाडी होती. दवाखान्यात आलेल्यांना ते आमचा पत्ता द्यायचे, त्यावर पाटल्या सुटल्या.

घरी करणाऱ्यांसाठी सांगतो. चाक थंड पाहिजे, उलटा हात लावून बघा, आणि सावलीत. आधी पाणी मारून माती काढा, आपली लाल माती तशीच घासली की ओरखडे आलेच. मग रिमूव्हर, एका वेळी एकच चाक, तीन-चार मिनिटं, सुकू द्यायचा नाही, हातमोजे घालायचे. चाकाच्या आतल्या गोल भागाला, बॅरलला, लांब मऊ ब्रश, नटांना छोटा. नारळाची शेंडी आणि तारेची घासणी चाकाजवळ आणूच नका. चाकांची बादली वेगळी ठेवा, तेच पाणी बॉडीला लावलं तर लोखंडाचे कण पेंटवर फिरतात. धुवून झालं की जरा फिरवून दोन-चारदा ब्रेक दाबा, नाहीतर सकाळी डिस्क तांबडी. आणि घाट उतरताना गाडी सेकंडला ठेवा हो, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतात लोक, धूळ सोडा, ब्रेक तापून लागेनासे होतात.

गेल्या वर्षी साहेबांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. ती उतारावर मोटरनेच वेग कमी करते, पॅड फारसे वापरलेच जात नाहीत, त्यामुळे चाकं स्वच्छच असतात. उलट न वापरून डिस्क गंजते, म्हणून मीच त्यांना सांगितलंय की अधूनमधून जोरात ब्रेक मारत जा. तरी सोमवारी सकाळी गाडी आमच्या दारात असते. मी चाकं तपासतो, नुसत्या शाम्पूने धुतो, आणि चारशेऐवजी दीडशे घेतो, ते दोनशे ठेवून जातात.