डोनोराचे डावखुरे

बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ डावखुऱ्यांची यादी निघाली की टाय कॉब आणि टेड विल्यम्स हमखास वरच्या पाचात असतात. मला ते पटत नाही. दोघंही थोर, विल्यम्सची १९४१ची ०.४०६ बॅटिंग सरासरी (दर हजार संधींत ४०६ यशस्वी फटके) आजही तोंडात बोट घालायला लावते. पण हे दोघं चेंडू फेकायचे उजव्या हाताने. डावीकडे उभे राहायचे ते फक्त बॅटिंगला.

असं का करायचं, ते मैदानावरच कळतं. होम प्लेट म्हणजे बॅटरची जागा, आणि फटका मारून तो धावत गाठतो तो पहिला टप्पा फर्स्ट बेस, होम प्लेटवरून उजव्या अंगाला. डावखुरा बॅटर प्लेटच्या त्याच बाजूला उभा असतो, त्यामुळे ९० फूट पळताना पाऊल-दीड पाऊल आयतंच वाचतं. बॅट फिरली की शरीरही तिकडेच झुकतं. शिवाय बहुतेक पिचर (बॅटरला चेंडू टाकणारे) उजवे, आणि त्यांचा वळणारा चेंडू डावखुऱ्याकडे आत येतो. फायदा इतका रोकडा की इचिरो आणि ओहतानी या उजव्या जपानी खेळाडूंनीही तो उचलला. ओहतानी तर उजव्या हाताने पिचिंग करून डावीकडून होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारतो.

जन्मजात डावऱ्याची गोष्ट वेगळी. मी स्वतः डावरी. माझा मुलगाही डावराच, आणि इथे पिट्सबर्गमध्ये मुलांच्या लीगमध्ये त्याला शॉर्टस्टॉपलाच, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, खेळायचं होतं. कोचने त्याला फर्स्ट बेसवर पाठवलं. मुलगा हिरमुसला, म्हणून घरामागच्या हिरवळीवर त्याच्याकडूनच करून घेतलं. शॉर्टस्टॉपच्या जागी वाकून जमिनीलगतचा चेंडू उचल आणि डावीकडे, फर्स्ट बेसला फेक. उजव्याचा डावा खांदा तिकडे असतोच, तो फेकून मोकळा होतो. डावऱ्याला आधी अख्खं अंग फिरवावं लागतं, तेवढ्यात बॅटर बेसवर पोचलेला असतो. सेकंड बेस, थर्ड बेस, शॉर्टस्टॉप आणि कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू पकडणारा), या चार जागा डावऱ्यांना जवळपास बंदच. मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, १९८९ साली बेनी डिस्टेफानो हा डावरा तीन सामन्यांत कॅचर म्हणून उभा राहिला, तर त्याची आजही आठवण काढतात.

बेब रूथ बाल्टिमोरच्या सेंट मेरीज शाळेत कॅचरच होता. डावऱ्याचा ग्लोव्ह मिळेना, म्हणून उजव्यांचा ग्लोव्ह डाव्या हातात चढवून तो चेंडू पकडायचा, मग ग्लोव्ह काढून त्याच हाताने फेकायचा! पुढे पिचर म्हणून ९४ विजय आणि बॅटने ७१४ होम रन.

तरीही माझ्या यादीत पहिला स्टॅन मुशियल. पिट्सबर्गच्या दक्षिणेला, मोनोंगाहेला नदीकाठी डोनोरा नावाचं कारखान्यांचं गाव आहे. पोलिश कामगाराचा हा मुलगा पिचर म्हणून निवडला गेला, म्हणजे जिथे डाव्या हाताला खरी मागणी असते तिथेच. १९४०च्या ऑगस्टमध्ये आउटफिल्डमध्ये (बेसपलीकडच्या मैदानात) झेपावताना त्याचा डावा खांदा दुखावला. वय एकोणीस. पिचिंग संपलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो सेंट लुईसच्या मुख्य संघात बॅटर म्हणून उतरला.

त्याची उभं राहण्याची ढब बघाच. पाय जवळजवळ, गुडघे किंचित वाकलेले, पाठ अर्धीअधिक पिचरकडे आणि उजव्या खांद्यावरून डोकावणारी नजर. या अवघडलेल्या अवतारातून ३,६३० हिट्स (बेस गाठून देणारे फटके) निघाले. १,८१५ घरच्या मैदानावर, १,८१५ बाहेर. घरच्या मैदानाने तारलं असं त्याच्याबद्दल म्हणायची सोयच नाही.

आणि १९९९ मध्ये विसाव्या शतकाचा सर्वोत्तम संघ निवडताना चाहत्यांच्या मतांत हाच माणूस मागे पडला. समितीने नंतर पाच नावं वाढवली: मुशियल, वॉरन स्पान, लेफ्टी ग्रोव्ह, ख्रिस्टी मॅथ्यूसन, होनस वॅग्नर. पाचातले पहिले तिघं डावरे! थेट मतांवर निवडून आलेल्यांत केन ग्रिफी ज्युनियर होता. तोही डोनोरातच जन्मला, तोही डावरा, आणि दोघांची जन्मतारीखही २१ नोव्हेंबर, मुशियलची १९२०ची, ग्रिफीची १९६९ची. ग्रिफीचे आजोबा शाळेच्या संघात मुशियलबरोबर खेळले होते. एवढ्याशा गावाने दोन डावरे दिले, याचा मला शेजारधर्माने अभिमान वाटतो.

दुसरा रूथ, यात वाद नाही. तिसऱ्या जागेसाठी घरात भांडण आहे. मुलाचं मत डावरा पिचर सँडी कूफॅक्सला. १९६५च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना, फक्त दोन दिवसांची विश्रांती, तरी त्याने मिनेसोटाला एकही रन दिली नाही. माझं मत स्पानला. महायुद्धात त्याची तीन वर्षं सैन्यात गेली. मोठ्या लीगमधला पहिला विजय त्याला १९४६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी मिळाला, आणि तिथून पुढे तो ३६३ पर्यंत गेला. दुसऱ्या कुठल्याही डावऱ्या पिचरचे इतके विजय नाहीत. कूफॅक्स तिशीतच थांबला, याला त्याचा दुखरा कोपर कारणीभूत, हे मान्य. तरी तिसरा स्पानच.