तपासणाऱ्याचा रकाना

अण्णा आज गाडीपाशी आले नाहीत. गाडी सुरू झाली, छान चालतेय, मिरजेपर्यंत जाऊनही आलो. तरी संध्याकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या जुन्या पद्मिनीचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, बदलायचं कधीचं मनात होतं. दंडोबाच्या चढाला गाडी ओढेना झाली होती. थंडीत सेल्फ मारला की बॅटरी दमेपर्यंत नुसती घरघर, आणि सुरू झाली तरी मिसिंग. अशा वेळी आधी कार्बोरेटरला हात घालायचा मोह होतो. आमच्या घरात तो चालत नाही. आधी प्लग, मग पॉइंट, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायचा क्षण. हे तिन्ही चोख झाल्याशिवाय कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरासुद्धा फिरवायचा नाही.

आज त्याच क्रमाने गेलो. चारी प्लग काढले. दुसऱ्या नंबरच्या प्लगवर काजळी होती, बाकीचे तपकिरी, निरोगी. दुसऱ्याची वायर टोपीपाशी तडकलेली निघाली, म्हणजे मिसिंगचं कारण तिथेच सापडलं. वायर बदलली, प्लगची गॅप ०.६ मिलिमीटर लावली. मग डेल्कोची, म्हणजे चारी प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढून रोटर उपसला. पॉइंटच्या एका टोकाला खड्डा पडलेला आणि समोरच्या टोकावर बारीकसा डोंगर. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पोलादी पान, घालून काही कळत नाही. पान डोंगराच्या माथ्याला टेकतं, खड्ड्याची खोली त्याला कुठून कळणार? गेज अठरा थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दाखवतं आणि खरी गॅप असते त्याहून जास्त. पॉलिश पेपरने घासत न बसता नवा सेट बसवला. कंडेन्सरही बदलला, कारण तो कमजोर झाला की पॉइंट असेच जळतात.

आता गॅप, म्हणजे पूर्ण उघडलेल्या पॉइंटमधलं अंतर. त्यासाठी डेल्कोतल्या कॅमचा उंचवटा नेमका पॉइंटच्या टाचेखाली यायला हवा. प्लग काढलेलेच असतात, इंजिन हलकं झालेलं असतं. गाडी टॉप गिअरला टाकायची आणि बोट-बोटभर पुढे ढकलायची. हे दोन माणसांचं काम आहे. लहानपणी ढकलणारा मी, आणि बॉनेटखालून अण्णांचा आवाज, "अजून, अजून, बस." मोठा झाल्यावर बॉनेटखाली मी गेलो आणि ढकलायला कधी दादा, कधी गल्लीतलं कुणी. पण 'बस' झालं, स्क्रू आवळला, की गेज अण्णांच्या हातात जायचंच. स्क्रू आवळताना गॅप हलते. दर वेळी हलते. म्हणून आवळल्यानंतर पुन्हा बघायची असते, आणि ते बघणं अण्णांचं.

आज गल्लीत कुणी नव्हतं. दाराच्या खांबाला खांदा लावून ढकलत, मध्येच पुढे येऊन वाकून बघत, पुन्हा ढकलत, एकट्यानेच उंचवटा गाठला. अठरा थाउ लावले, म्हणजे ०.४५ मिलिमीटर. स्क्रू आवळला. पान पुन्हा घालून बघितलं. लोण्यातून सुरी जावी तसं नाही, किंचित ओढ लागत गेलं. जायला हवं तसंच.

"अण्णा, गॅप बघता का जरा?"

ते ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर करून म्हणाले, "तू केलंयस ना? मग असेल बरोबर." आणि पान उलटलं.

मी गेज हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं आसुसलो होतो! अण्णांची सगळी नोकरी किर्लोस्करवाडीला, इन्स्पेक्शनमध्ये. सांगली स्टेशनवरून सकाळची गाडी पकडून जायचे, दिवसभर दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आमचं मोजायचे. माझी भूगोलाची वही, आईचा किराण्याचा हिशोब, दादाने ठोकलेलं फळीचं कपाट. पुढे माझ्या घरकर्जाचे कागदसुद्धा. त्यांचा हात फिरल्याशिवाय या घरात काही पुरं झालंच नाही. चाळिशी उलटली तरी मला त्याचा राग यायचा. एकदा मी बोललोही, फार बोललो. त्या संध्याकाळबद्दल आज लिहीत नाही.

आणि आज ते म्हणाले, असेल बरोबर. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते सोडून दिल्यासारखं.

दुपारभर कारणं शोधत बसलो. डोळे म्हणावेत, तर मोतीबिंदू काढल्यापासून पेपरातले निधनवार्तेचे बारीक टाइपही चष्म्याविना वाचतात. गुडघे म्हणावेत, तर सकाळीच गणपतीला चालत जाऊन आले. शनिवारी दादाचा फोन आला होता. पुन्हा गाडीचाच विषय, पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची, हरित कर, सुटे भाग, कशाला ठेवताय. अण्णा नुसतं हं हं करत होते. त्याचा काही संबंध असेल का? गाडी आता आपली नाही, असं काही मनात… जाऊ दे.

टायमिंगही एकट्याने लावलं. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला आणून खुणा जुळवल्या, डेल्कोच्या टर्मिनलवरून एक वायर बल्बला, दुसरी बॉडीला. पॉइंट मिटलेले असले की बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. ठिणगी उघडण्याच्या क्षणाला पडते. कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि बॅटरीच्या बारा व्होल्टमधून हजारो व्होल्ट उसळतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात, आणि दर वेळी तो क्षण योग्य जागी यावा लागतो. गॅप कमी झाली की ते उशिरा उघडतात, टायमिंग मागे जातं. म्हणूनच गॅप आधी आणि टायमिंग नंतर. डेल्को हळूहळू फिरवत बल्ब पेटतो ती जागा पकडली, नट आवळला. मग पुन्हा बघितलं. पुन्हा बघितलं. गरज नव्हती. बघणारा दुसरा कुणी नाही म्हटल्यावर हात थांबेना.

१, ३, ४, २ अशा ठिणगीच्या क्रमाने वायरी लावल्या आणि सेल्फला हात लावताच गाडी सुरू झाली. १९८८ची पद्मिनी, १०८९ सीसी, आणि आयडलला इतकी शांत की बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी लागली. ओट्यावरून अण्णांनी ऐकलं असणार. काही बोलले नाहीत.

मिरज रोडला काढली. विश्रामबागेत वालचंद कॉलेजवरून जाताना मी हॉर्न वाजवला. पद्मिनी बनवणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंदांनीच काढली म्हणून अण्णा तिथे दर वेळी हॉर्न वाजवायचे, आम्हाला शाळेत असताना त्याची लाज वाटायची. २०१९च्या पुरात गावभागातून गाडी काढून इथेच वरच्या अंगाला आणून ठेवली होती, तेव्हासुद्धा त्या पावसात त्यांनी तो वाजवला होता. आज शेजारची सीट रिकामी होती आणि मला स्वतःची फार कीव आली. आता माझं काम कोण बघणार, हेच सारखं.

परत आल्यावर नोंद करायला गाडीची वही काढली. तारीख, किलोमीटर, काम, करणारा, तपासणारा. शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षं अण्णांची ती आडवी सही. तो रकाना मोकळा ठेवायला जीव होईना आणि तिथे माझी सही करणंही शक्य नव्हतं. ज्याने केलं त्याने पास करायचं नाही, हा अण्णांच्या खात्यातला पहिला नियम. मागची पानं चाळत गेलो. १९९४चं पान निघालं. करणारा, अण्णा. तपासणारा, पेन्सिलीने ठळक गिरवलेलं माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

ते आठवलं. मी चौथीत होतो. अण्णांनी गॅप लावली, गेज माझ्या हातात दिलं आणि विचारलं, पान कसं जातंय, सैल की अडकत? मी म्हटलं, जरा अडकतंय. मला त्यातलं काय कळत होतं? काहीही नाही. तरी माझ्या 'अडकतंय'वर त्यांनी आवळलेला स्क्रू पुन्हा सैल केला आणि सगळं पहिल्यापासून केलं. मी हो म्हणेपर्यंत टोपी बसवली नाही.

वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. अण्णांनी आज 'नाही' का म्हटलं, ते मला अजूनही कळलेलं नाही. विचारणार नाही. ऐंशी पार केलेल्या माणसाने रविवारी निवांत पेपर वाचावा, मी कितीही हिरमुसलो तरी तो त्यांचा हक्क आहे. पण त्या रकान्यात दुसरं नाव लागतं, आणि ते कुणाचं असलं तरी चालतं, हे त्यांनीच तर मला चौथीत असताना दाखवलं होतं.

मेघाला विचारलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." म्हटलं, चालतं. मग तिने विचारलं की पान किती अडकायला हवं, आणि ते सांगायला मला जरा अवघडच गेलं. शेवटी फिलर गेज आणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दाखवलं. आत्ता अंधारात नको, म्हणाली, सकाळी बघू.

नोंद पेन्सिलीने केली आहे. सकाळी ऑफिसच्या आधी टोपी पुन्हा काढायची, अठरा थाउचं पान मेघाच्या हातात द्यायचं. ती 'बस' म्हणेपर्यंत गाडी मी ढकलीन.