४६५ की ५८७?

ईमेल जोडण्याच्या सूचना लिहिणाऱ्याला त्या कधी पाळाव्या लागत नाहीत. त्याचं मेल केव्हाच सुरू झालेलं असतं. म्हणून तर 'इथे तुमच्या सर्व्हरचं नाव टाका' असं तो बिनधास्त लिहून जातो. अहो, तेच तर विचारायचं होतं!

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये मेल हवं होतं. मेलचा सर्व्हर चालवणाऱ्या होस्टिंगवाल्यांचा कागद त्यांच्याकडे होता. पहिल्याच ओळीत 'पॉप किंवा आयमॅप निवडा'. दोन्ही मेल आणण्याच्या पद्धती. निवडा, पण कशाच्या जोरावर? पॉप १९८४ चं, एका माणसाचं एकच मशीन या हिशोबाने केलेलं. ते मेल उतरवून घेतं आणि प्रत सर्व्हरवर ठेवायची खूण केली नसेल तर तिथलं पुसूनही टाकतं. मग काकांच्या फोनवरचा इनबॉक्स रिकामा, आणि बोंब माझ्या नावाने. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतं, फोन आणि कॉम्प्युटर दोघांनाही दिसतं. ही दोन वाक्यं छापायला किती शाई लागली असती?

खरी गंमत मेल पाठवण्याच्या पोर्टची, म्हणजे सर्व्हरच्या दाराच्या नंबराची. एका कागदावर ४६५, त्याच कंपनीच्या दुसऱ्यावर ५८७. दोन्ही बरोबर! ४६५ हा आकडा १९९७ मध्ये सुरक्षित मेलसाठी राखून ठेवला होता, लवकरच काढूनही घेतला. पुढे ५८७ अधिकृत झाला. पण ४६५ वापरणाऱ्यांनी तो सोडलाच नाही, आणि शेवटी २०१८ मध्ये त्याला पुन्हा मानाने आत घेतलं. गल्लीचं नाव बदललं तरी रिक्षावाल्याला जुनंच सांगावं लागतं, तसं हे.

फक्त जोड्या चुकवायच्या नाहीत. ४६५ ला एसएसएल/टीएलएस, म्हणजे पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद. ५८७ ला स्टार्टटीएलएस, म्हणजे आधी उघड्यावर रामराम आणि मग कुलूप. अदलाबदल झाली की चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'सेटिंग तपासा' असा सल्ला मिळतो. कुठली सेटिंग, ते गुलदस्त्यात.

पासवर्डबद्दल कागद म्हणतो, 'तुमचा पासवर्ड'. इथे तो चालला. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल, तर अशा जागी नेहमीचा पासवर्ड घातला की नकारच मिळतो. एक तर ब्राउझरच्या खिडकीतून परवानगी द्यायची, नाहीतर सोळा अक्षरांचा वेगळा अॅप पासवर्ड काढायचा.

मी कागदाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहून दिलं : येणारं आयमॅप ९९३, जाणारं ५८७, स्टार्टटीएलएस. काकांनी चष्मा वर करून पाहिलं.

"आणि हे खाली २५ छापलंय ते?"

"ते आपलं नाही काका. त्यावर सर्व्हर एकमेकांशी बोलतात. घरगुती इंटरनेटवर बऱ्याचदा ते बंदच असतं, स्पॅमच्या भीतीने."

"मग आपल्या कागदावर छापलं कशाला?"