पिकअपच्या मागच्या सरकत्या खिडकीची दुरुस्ती : माझा अनुभव

आम्ही ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहतो. घरामागच्या बागेसाठी माती, खत आणि लाकूड आणण्याकरिता मी 1996 सालची एक जुनी पिकअप बाळगून आहे. तिच्या केबिनच्या मागच्या बाजूला, म्हणजे चालकाच्या पाठीमागे आणि हौद्याच्या समोर, तीन भागांची काच आहे. दोन्ही कडेच्या काचा पक्क्या बसवलेल्या आहेत आणि मधली हाताने सरकते. गेल्या वर्षी मार्चपासून महामार्गावर गाडी ताशी 60 मैलांच्या पुढे गेली की ही मधली काच सतत खडखडू लागली. एप्रिलच्या पावसात सीटमागचे कार्पेट ओले झाले आणि केबिनमध्ये कुबट वास येऊ लागला. मग मात्र दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

काचेच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा संपूर्ण खिडकी बदलण्याचा खर्च सुमारे 480 डॉलर सांगण्यात आला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, परंतु तिन्ही काचा शाबूत होत्या आणि ढिले नेमके काय झाले आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. म्हणून निर्णय घेण्याआधी आपण स्वतः तपासावे, असे मी ठरवले.

मधल्या काचेवर तळहात ठेवून हलवली, तर ती पुढे-मागे सहज तीन-चार मिलिमीटर हलत होती. माझे वडील एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी विभागातून निवृत्त झाले आहेत आणि बसच्या सरकत्या खिडक्या बसवण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली आहेत. इथले रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसहा, तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, काच अशी हलतेय, बघा," असे म्हणून मी फोन खिडकीजवळ धरला. त्यांनी सांगितले, "काच सोड, आधी चॅनेल बघ. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी काच आणि फेल्टच्या मधे घाल आणि ओढ. अडकली तर फेल्ट जिवंत आहे. सुळकन आली तर फेल्ट संपलंय." चॅनेल म्हणजे काच ज्या खाचेत सरकते ती खाच आणि फेल्ट म्हणजे तिच्यातले मखमली अस्तर. पट्टी खालच्या चॅनेलमध्ये जवळजवळ सगळीकडे काहीही न अडखळता सरकली. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा काच जिथे सर्वांत जास्त घासते त्या हातभर लांबीत मखमली अस्तर पूर्ण झिजून ॲल्युमिनियम उघडे पडलेले दिसले.

दुसरा दोष खटक्यात होता. काच बंद केल्यावर खटका तिला उभ्या रबरावर दाबून धरतो. हा खटका काचेला गोंदाने चिकटवलेला असतो, कारण ही काच टेंपर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली असते आणि तिला भोक पाडायला गेले तर ती क्षणात बारीक तुकड्यांत विखुरते. माझ्या गाडीत खटक्याच्या पट्टीची एक कड सुटलेली होती, त्यामुळे काच बंद झाली तरी रबरावर दाब येत नव्हता.

एवढे कळल्यावर खडखडाटाचे कारण सापडले होते, पण पाणी त्याच वाटेने येत आहे असे गृहीत धरायचे नव्हते. सीटची पाठ पुढे झुकवून आणि मागचे आतले आवरण काढून पत्नी टॉर्च घेऊन आत बसली. मी बाहेरून नळीचे तोंड न दाबता, अगदी मंद धारेने पाणी सोडले. ही तपासणी नेहमी खालून वर करावी लागते. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी गळती कुठे आहे हे कळत नाही. खालच्या कडेवर पाच मिनिटे धार धरल्यावर आतून आवाज आला, "अरे, चॅनेल भरलंय, पाणी आता आत सांडतंय." खालच्या चॅनेलमधले पाणी बाहेर जाण्यासाठी चौकटीला दोन लहान भोके असतात. ती दोन्ही बुजलेली होती. एकात मेपलच्या झाडाच्या पंखवाल्या बिया अडकल्या होत्या, तर दुसरे कोणीतरी, बहुधा आधीच्या मालकाने, गळती थांबवण्यासाठी सिलिकॉनने भरून टाकले होते. पाणी थांबवण्याच्या त्या प्रयत्नानेच पाणी आत वळले होते.

त्यानंतर धार हळूहळू वर नेली आणि छताजवळच्या तिसऱ्या ब्रेकच्या दिव्याशी पोहोचताच पत्नीने पुन्हा हाक मारली. अमेरिकेत 1 सप्टेंबर 1993 नंतर बनलेल्या हलक्या ट्रकना हा उंचावरचा दिवा सक्तीचा झाला. त्यासाठी केबिनच्या मागच्या पत्र्याला खिडकीच्या वर मोठे भोक पाडलेले असते आणि दिव्यामागची फोमची पट्टी दबून सपाट झाली की तिथून पाणी आत उतरते. ते खिडकीच्या वरच्या कडेवरून ओघळत असल्यामुळे दोष खिडकीवर येतो. ज्यांच्या पिकअपमध्ये सीटमागे ओल येते, त्यांनी हा दिवा आधी पाहावा असे मी आवर्जून सुचवीन. दोन स्क्रू काढून नवीन गॅस्केट बसवण्याचे काम वीस मिनिटांत झाले.

खरे काम खिडकीचे होते. नव्या गाड्यांत ही खिडकी युरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते आणि ती सोडवणे घरगुती काम नाही. माझ्या गाडीत मात्र ॲल्युमिनियमची चौकट जाड रबरी बीडिंगमध्ये बसवलेली आहे आणि ते बीडिंग केबिनच्या पत्र्याची कड पकडून ठेवते. रबर कडक होऊन त्याला चिरा गेल्या होत्या, म्हणून नवीन बीडिंग आधीच मागवले होते. जुन्या बीडिंगची आतली कड चाकूने कापली, पत्नीला हौद्यात उभे राहून बाहेरून हात लावून ठेवायला सांगितले आणि वरच्या कोपऱ्यापासून चौकट आतून हळूहळू ढकलली. खाली गोधडी पसरून ठेवली होती, कारण टेंपर्ड काच सपाट भागावर बराच मार सहन करते, परंतु तिची कड सिमेंटवर टेकली तरी ती फुटू शकते.

पत्र्याच्या कडेवर खालच्या डाव्या कोपऱ्यात गंज होता. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि सतत ओल राहिलेल्या जागी ते मीठ पत्रा खाऊ लागते. सँडपेपरने गंज काढून प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले आणि दोन दिवस सुकू दिले. जुने सिलिकॉन खरवडण्यात तर दोन संध्याकाळी गेल्या. ते पूर्ण निघाल्याशिवाय त्या जागी दुसरे काहीही नीट चिकटत नाही.

चौकटीच्या वर आणि खाली मध्यभागी असलेले स्क्रू काढल्यावर तिचे दोन भाग वेगळे झाले आणि सरकती काच हातात आली. चॅनेलमधून जुन्या फेल्टचे अवशेष उपटले, नळीने खाच धुतली, दोन्ही भोके तारेने मोकळी केली. नवी पट्टी घेण्याआधी चॅनेलची आतली रुंदी आणि काचेची जाडी व्हर्नियरने मोजली. पट्टी अर्ध्या मिलिमीटरने जाड असली तर काच सरकत नाही आणि बारीक असली तर पुन्हा खडखडते. निचऱ्याच्या भोकांसमोर पट्टीला खाच पाडावी लागते. पहिल्या तुकड्यात मी ती विसरलो आणि तो काढून पुन्हा कापावा लागला.

खटक्याची जागा जुना गोंद काढण्यापूर्वी काचेच्या दुसऱ्या बाजूने चिकटपट्टी लावून नोंदवून ठेवली होती. ब्लेडने काच साफ केली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, धातू बारीक सँडपेपरने किंचित खरखरीत केला आणि आतल्या आरशासाठी मिळणारा काच-धातूचा गोंद लावला. तो अगदी पातळ थरातच लावावा. जास्त लावल्याने पकड वाढत नाही. त्यानंतर चोवीस तास खटक्याला हात लावला नाही.

चौकट परत बसवताना दोरीची युक्ती वापरतात आणि ती प्रत्यक्ष पाहण्यासारखी असते. बीडिंग चौकटीवर चढवल्यानंतर पत्र्याची कड जिथे बसते त्या खाचेत सर्वत्र गुळगुळीत नायलॉनची दोरी घालायची आणि दोन्ही टोके खाली मध्यभागी एकमेकांवरून घेऊन आत सोडायची. रबराला भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी लावले, पत्नीने बाहेरून तळहातांनी चौकट दाबून धरली आणि मी आतून दोरीचे एक टोक काचेला समांतर ओढू लागलो. दोरी जसजशी निघत गेली, तसतशी रबराची आतली कड टप्-टप् करत पत्र्यावरून उलटून आत आली. मी जिथे ओढत होतो, अगदी तिथेच बाहेरून दाब हवा होता, म्हणून आम्ही दोघे एकमेकांना सांगत इंच-इंच पुढे गेलो. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोरी रबर न उलटवताच सुटली आणि तेवढा भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलून घ्यावा लागला.

साहित्याला एकूण सुमारे 110 डॉलर लागले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक खर्च बीडिंगचा होता. नळीची तपासणी पुन्हा केली, तेव्हा खालच्या चॅनेलमध्ये साचलेले पाणी दोन्ही भोकांतून बाहेर हौद्याकडे टपकताना दिसले. बाबांना तेही व्हिडिओवर दाखवले. त्यांनी आधी कागदाची पट्टी ओढून दाखवायला लावली आणि ती अडकल्यावरच मान डोलावली.

जूनमध्ये एका रात्री जोराचे वादळ झाले. त्या दिवशी संध्याकाळीच सीटमागे वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. सकाळी ते उचलून उजेडात धरले, तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता.