पावणेदोन रुपयांचा पेपर

'द हिंदू' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो एकदम कडक इस्त्रीचा, कधी आवाज न चढवणारा पेपर. यूपीएससीवाली पोरं तर तो हायलायटर घेऊन वाचतात. पण या शांत पेपरचा जन्म चक्क डोकं फिरल्यामुळे झालाय, हे मला जाम आवडतं.

झालं असं की १८७८ साली टी. मुथुस्वामी अय्यर मद्रास हायकोर्टात जज्ज झाले, तिथे त्या खुर्चीवर बसणारे पहिलेच भारतीय, आणि गोऱ्यांच्या पेपरांनी लगेच नाकं मुरडायला सुरुवात केली. उत्तर द्यायचं तर आपल्याकडे पेपर कुठेय? म्हणून मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या सहा जणांनी, त्यात दोन शिक्षक आणि चार लॉ शिकणारे, एक रुपया बारा आणे उधार घेतले आणि २० सप्टेंबरला ८० कॉप्या छापून मोकळे झाले. आपला 'केसरी' निघायला अजून दोन-सव्वादोन वर्षं होती. पावणेदोन रुपये, आणि तेही उसने! सहा खिसे झाडून तेवढेही निघाले नसतील का हो?

लॉवाले चौघं वकिलीला लागल्यावर पांगले (दोस्तांच्या धंद्यात होतं तसंच). उरले जी. सुब्रमण्य अय्यर आणि वीरराघवाचारियार. अय्यर म्हणजे वेगळंच प्रकरण, १८८५ला मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा पहिला ठराव मांडणारे हेच. साप्ताहिकाचं आठवड्यातून तीनदा आणि मग १८८९ला रोजचा पेपर, म्हणजे दैनिक व्हायलाच अकरा वर्षं गेली. पुढे १८९८ला अय्यरही बाहेर पडले, आणि १९०५ला पेपरचेच कायदा सल्लागार कस्तुरीरंगा अय्यंगार यांनी तो ७५,००० रुपयांना घेतला. पावणेदोनाचे पाऊण लाख ऐकायला भारी वाटतं, पण तेव्हा पेपर पैशापायी पार टेकीला आला होता आणि सुरू करणाऱ्या सहांपैकी एकाच्याही हातात राहिला नाही.

मला सगळ्यात मजा वाटते ती पहिल्या पानाची. तिथे जाहिराती असायच्या, बातम्या आत! हे १९५८च्या जानेवारीपर्यंत चाललं, देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं उलटली तरी. मग गाडी अशी सुटली की १९६३ला गठ्ठे पोचवायला स्वतःची विमानं घेतली आणि १९९५ला, आपल्याकडे नेट म्हणजे काय हे बहुतेकांना माहीतही नव्हतं तेव्हा, हे इंटरनेटवर हजर. पहिल्या पानासाठी ऐंशी वर्षं घेणारा पेपर हाच का, असा प्रश्न पडतो.