स्कार्पियाची खिडकी

नाट्य-संगीताची चित्रमुद्रणे संग्रहासाठी निवडणाऱ्या एका समितीवर मी ध्वनीचा परीक्षक आहे. आम्ही दिवसभर गाणी ऐकत बसतो असा लोकांचा समज असतो; प्रत्यक्षात प्रत्येक कृतीतल्या ठरलेल्या दोन-चार जागा हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकायच्या आणि गुणतक्ता भरायचा, एवढेच काम असते. इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे १९९२ सालचे चित्रण परीक्षणाला आले आणि त्याचा ध्वनीचा रकाना अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

हे चित्रण नाट्यगृहातले नाही. कथानक रोममधल्या ज्या चर्चमध्ये, ज्या फार्नेसे राजवाड्यात आणि ज्या सांत आंजेलो किल्ल्यावर घडते, तिथेच, संहितेतल्या दुपार-रात्र-पहाटेच्या वेळा पाळून, ११ आणि १२ जुलै रोजी ते थेट प्रक्षेपित झाले. कॅथरीन मॅल्फितानो, प्लासिदो दोमिंगो आणि रुज्जेरो राइमोंदी त्या त्या वास्तूत गात होते. वाद्यवृंद आणि त्याचे संचालक, आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, मात्र दूर एका स्टुडिओत होते. गायकांना मेहता मॉनिटरवर दिसत आणि मेहतांना गायक. अशा अवस्थेत लय सांभाळणे किती अवघड, हे ज्याने कधी थेट प्रक्षेपणाचे मिक्सिंग केले आहे त्यालाच कळेल.

कोणताही ‘तोस्का’ आला की मी आधी दुसऱ्या अंकातली खिडकी ऐकतो. पोलीसप्रमुख स्कार्पिया चित्रकार काव्हारादोस्सीची चौकशी करत असतो, उघड्या खिडकीतून राणीच्या मेजवानीतले समूहगान आणि त्यात नायिकेचा, गायिका तोस्काचा, स्वर वर येत असतो. स्कार्पिया वैतागून खिडकी लावतो आणि ते गाणे तुटते. नाट्यगृहात गायकवृंद खरोखरच पडद्यामागे असतो, म्हणून ते अंतर कानाला आपोआप पटते. इथे भिंत खरी, खिडकीही खरी, पण वाद्यवृंद त्या इमारतीतच नाही. त्यामुळे खिडकी लागताच आवाज किती दबावा हे मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, ठरवतो. जागा जितकी अस्सल, तितका तिथला ध्वनी रचलेला.

समितीतल्या चित्रपटवाल्यांना हे पटत नाही. व्हित्तोरियो स्तोरारो यांच्या प्रकाशयोजनेवर ते इतके लुब्ध आहेत की आवाज बंद करून दाखवला असता तरी त्यांनी पूर्ण गुण दिले असते. खऱ्या जागेचा परिणाम खराच, हा त्यांचा युक्तिवाद. पण पुच्चीनीने रोम आधीच स्वरलिपीत आणून ठेवले होते. तिसऱ्या अंकाच्या आरंभी पहाटेच्या घंटा वाजतात, त्यांसाठी त्याने सेंट पीटर्सच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वर कोणता याची चौकशी केली होती, आणि १९०० साली कोस्तान्झी नाट्यगृहातल्या पहिल्या प्रयोगापासून ते शहर रंगमंचावर ऐकू येत आले आहे. किल्ल्याच्या गच्चीवरून खरे रोम दिसत असताना ऐकू येणारे रोम पुच्चीनीचेच असते, आणि या दोहोंचा सांधा मला कुठेच जुळलेला वाटला नाही.

त्याच तराजूत राइमोंदींचा स्कार्पियाही आहे. शेवटच्या रांगेसाठी घडवलेला आवाज हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यापुढे लावताना बहुतेकांचा चेहरा नको तितका ताणलेला दिसतो. राइमोंदी मात्र पूर्ण ताकदीने गातानाही जेमतेम भुवई हलवतात, आणि ती धमकी कोणत्याही बाल्कनीतून दिसली नसती.

मी ध्वनीला दहापैकी सहा गुण दिले. थेट प्रक्षेपणाची अडचण लक्षात घेऊन ते वाढवावेत, अशी टीप जोडून तक्ता परत आला, पण अडचणीसाठी तक्त्यात रकाना नाही. गुण तसेच ठेवून मी खरेदीची शिफारस केली आणि ऐकणाऱ्यांना ती खिडकी दोन्ही प्रकारे ऐकता यावी म्हणून सोबत नाट्यगृहातले एक चित्रणही घ्यावे, असे लिहिले. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे.