स्टोइकांचा रात्रीचा हिशेब

स्टोइक, म्हणजे मनावर ताबा ठेवायला शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ, वाचायला घेतले की बहुतेकांच्या वहीत सुविचार जमा होतात, सराव मात्र राहून जातो. खरं तर त्यांच्यातल्या सेनेका या रोमन लेखकाने रागावरच्या आपल्या ग्रंथात, तिसऱ्या भागात, रोजची रीत स्वच्छ सांगून ठेवली आहे. रात्री दिवा बाहेर नेला, बायको गप्प झाली, की तो अख्खा दिवस तपासायचा. कोणती वाईट खोड आज सुधारली? कोणत्या दोषाला आवर घातला? कुठे थोडा बरा वागलो?

करायला दहा मिनिटं पुरतात. सगळा दिवस उकरू नका. टोचलेला एकच प्रसंग घ्या आणि दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत भिंतीवरच्या कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच: ‘बैठकीत माझं बोलणं मधेच तोडलं.’ दुसऱ्या ओळीत आपण त्यावर चढवलेलं मत: ‘इथे माझी किंमतच नाही.’ त्रास बहुतेक वेळा दुसऱ्या ओळीत असतो. पहिल्या ओळीत ‘मुद्दाम’, ‘नेहमीच’ असे शब्द घुसले असतील तर ते खोडा.

आता चूक नेमकी कुठे धरायची? छातीत धडधडलं, कानशिलं तापली, हा दोष नव्हे. सेनेका अशा पहिल्या झटक्याला अनैच्छिकच मानतो. ‘याला धडा शिकवायलाच हवा’ या विचाराला आपण होकार दिला, तिथून राग सुरू होतो. धडधडीबद्दल स्वतःला बोल लावत बसलात तर वही भरेल, स्वभाव तसाच राहील.

निकालावरून गुण देणं हीही नेहमीची गफलत. एपिक्टेटस या दुसऱ्या स्टोइकाच्या मते आपली मतं, इच्छा, प्रयत्न आपल्या हातात. शरीर, पैसा, लौकिक, पद नाही. म्हणून मुलाखतीची तयारी तपासा, निवड झाली की नाही हे नको. (याचा अर्थ ‘मग कशाला धडपडायचं’ असा काढणारे महाभाग असतातच. तयारी आपल्याच वाट्याची आहे.)

शेवटी सेनेका स्वतःला बजावतो: पुन्हा असं करू नकोस, आत्ता तुला माफ केलं. हे वाक्य गाळलं की हिशेबाने झोपमोड होते, आणि चार दिवसांत वही बंद पडते.

तोच प्रसंग पुन्हापुन्हा वहीत येत असेल तर काम सकाळी करायचं. एपिक्टेटस सांगतो, सार्वजनिक स्नानगृहात जायला निघताना आठवा: तिथे पाणी उडवणारे, ढकलणारे, चोऱ्या करणारे असणारच. तसं बैठकीला जाण्याआधी एक ओळ लिहा: ‘मला मुद्दा मांडायचा आहे, आणि कुणी मधे बोललं तरी डोकं शांत ठेवायचं आहे.’